मिमोनकाकांचा शेजारी

हैफातली नोकरी सोडून नेहोराय कब्बालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येची, साधना करायला त्सफात गावी आला, त्याला सहा वर्षं झाली. रोज सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेआधी तो रिवाजाप्रमाणे डोळे मिटून म्हणायचा, "शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करीन." नेमके तेव्हाच बाकावर शेजारी बसणारे मिमोनकाका खोकायचे. "काका, जरा दमानं. ध्यान मोडतं माझं," असं त्याने कितीदा तरी सुनावलं होतं.

आज काकांची जागा रिकामी होती.

"मिमोनना पहाटे दवाखान्यात नेलं," रब्बी म्हणाले. "आजाऱ्यासाठी प्रार्थना आईचं नाव घेऊन करायची असते. नेहोराय, काय रे त्यांच्या आईचं नाव?"

नेहोरायने आठवून पाहिलं.

"सहा वर्षं मांडीला मांडी लावून बसतोस ना त्यांच्या?"

कुठेतरी लिहिलेलं असेल म्हणून त्याने बाकावरचं काकांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. आत आजाऱ्यांच्या नावांचा एक मऊ पडलेला कागद होता. बरीच नावं खोडलेली. शेवटचं मात्र तसंच होतं: "नेहोराय, फ्लोराचा मुलगा."

गेल्या हिवाळ्यात त्याची पाठ धरली होती, तेव्हा काका तीन जिने चढून दारात आले होते. "तुझ्या आईचं नाव काय रे?" एवढंच धापा टाकत विचारून गेले होते. त्याने त्यांना आत या म्हटलं नव्हतं. पाठ बरी झाल्याचंही कळवलं नव्हतं.

"मिळालं का नाव?" रब्बींनी विचारलं.

"मिळालं," नेहोराय मान खाली घालून म्हणाला. "माझ्या आईचं."