वकीलसाहेब आजारी आहेत

धीरजच्या गुडगावच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, त्या वर्षीची गोष्ट. पाहुण्यांनी बाल्कनीतून समोरची गहू कापलेली शेतं पाहिली, पुरणपोळीवर ताव मारला आणि मग धीरजच्या धाकट्या बहिणीचं, अक्षयाचं, काय करायचं ते ठरवायला घेतलं. तिला वकिलीची सनद नुकतीच मिळाली होती.

"इथं परदेशी कंपन्या येताहेत. त्यांच्या लीगलमध्ये लाग," धीरज म्हणाला. "एसी ऑफिस, न्यायला-आणायला गाडी."

"त्यापेक्षा जज्जाची परीक्षा दे," आई म्हणाली. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तुझे बाबा जन्मभर चढताहेत. चढायचीच तर खुर्चीपर्यंत चढ."

अक्षया दोघांनाही हो म्हणाली. तिचे बाबा, तात्याराव वकील, सोवळं नेसून पूजेच्या पाटावर बसले होते. त्या दिवशी दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात त्यांची एक तारीख होती. 'वकीलसाहेब आजारी आहेत,' असं सांगून त्यांच्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, ती पुढे ढकलून घेतली होती. वकिलाला दुसरीकडे जायचं असलं की तो आजारी पडतो, ही कोर्टातली जुनी रीत.

जुलैत तात्याराव खरोखरच आजारी पडले. फुफ्फुसात पाणी झालं. त्यांना हिंदूराव हॉस्पिटलात ठेवलं, आणि त्याच आठवड्यात अक्षयाला कंपनीचं बोलावणं आलं. सोमवारी रुजू व्हायचं. पगारी नोकरी धरली की सनद बार कौन्सिलकडे जमा करायची, मग कोर्टात उभं राहता येत नाही. अक्षयाचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. त्यात ती पुढे ढकललेली तारीख शुक्रवारी आली.

"तू फक्त उभी राहा," खाटेवरून तात्याराव म्हणाले, "आणि पुढची तारीख घेऊन ये."

खटला भीमाबाईचा होता. सांगलीकडची बाई. नवरा करोलबागेत सोनं गाळायचा, तो वारला, आणि घरमालकानं खोली खाली करून मागितली. भीमाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"वकीलसायेब कुठं हायती?"

"आजारी आहेत, मावशी."

भीमाबाई हसली. "ते जज्जाला सांग गं. मला खरं सांग."

"खरंच आजारी आहेत."

भीमाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी घट्ट धरली.

पुकारा झाला. अक्षया उभी राहिली. नवा काळा कोट खांद्यावर मोठा होत होता. "जनाब, वकील साहब बीमार हैं. तारीख़ चाहिए."

समोरचे वकील चड्ढा उठलेसुद्धा नाहीत. "जनाब, तात्याजी की तबीयत तो तब से ख़राब है जब मेरे बाल काले थे."

सगळं कोर्ट हसलं. जज्जसाहेबांनी फाइल उलटली. "पिछली बार भी बीमार थे?"

अक्षयाच्या डोळ्यांपुढे पाट आला, सोवळं आलं, वडिलांच्या कपाळावरचं गंध आलं. हो म्हणावं, तर आजचं दुखणंही त्याच माळेतला मणी ठरणार. नाही म्हणावं, तर बाप खोटा ठरणार.

"तब नहीं थे, जनाब," ती म्हणाली. "अब हैं."

हसणं थांबलं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आख़िरी मौक़ा देता हूँ. तीन सितंबर को बहस होगी. वो नहीं आए तो कौन करेगा? कोई नहीं, तो मैं फ़ैसला सुना दूँगा."

मागच्या बाकावर भीमाबाई उठून उभी राहिली होती. तिला हिंदी कळत होतं.

"मैं करूँगी," अक्षया म्हणाली. गुडगावात दादाला हो म्हटलं होतं, आईला म्हटलं होतं, तसंच हेही तोंडातून गेलं. हे हो त्यांतलंच की वेगळं, ते तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी हॉस्पिटलात तात्यारावांनी विचारलं, "मिळाली तारीख?"

"मिळाली. तीन सप्टेंबर."

"चड्ढा हसला असेल."

"हसले."

तात्यारावही हसले आणि त्यांना ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, "मागच्या वेळचं विचारलं असेल?"

"विचारलं. मी खरं सांगितलं, बाबा."

"वेडे," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिचा हात सोडला नाही. रागावलेत की काय, तिला उमगेना. सोमवारचं विचारावं असं तिच्या मनात होतं, पण त्यांचा डोळा लागला.

सोमवारी सकाळी कंपनीची पांढरी गाडी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. तो थांबेना, तेव्हा अक्षया स्वतःच जिना उतरून खाली गेली. हातात भीमाबाईची फाइल तशीच राहिली होती.

"मैडम बीमार हैं," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"अच्छा जी," ड्रायव्हर म्हणाला. "और आप कौन?"



तात्याराव त्याच जुलैच्या तेवीस तारखेला, बुधवारी पहाटे वारले.