सेफ्टीसाहेबांची मनाई

“पाण्यात पाय टाकायचा नाही, आई. तरणतलावाकडे फिरकायचंसुद्धा नाही. सांगून ठेवतो!”

आईने कप बशीत आपटला. “का? मी काय मिठाची आहे विरघळायला?”

“तुझा पाय धड नाही. घसरलीस म्हणजे?”

“पाय माझा आहे. तुझ्या कारखान्यातलं मशीन नाही, पाटी लावून बंद ठेवायला.”

तो आणखी थोडा तणतणला आणि स्वयंपाकघरात आला. आत येताच बायकोकडे बघून गालातल्या गालात हसला. मात्रा लागू पडली होती.

आई पाट्या रंगवणारी. सगळा बाजार तिला पेंटरबाई म्हणायचा. ‘हात लावू नये’, ‘येथे वाहन उभे करू नये’ असल्या पाट्या तिने जन्मभर रंगवल्या, पण स्वतः एकही ‘नये’ जुमानलं नाही. गेल्या वर्षी एका दुकानाची पाटी रंगवताना ती शिडीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पायातली ताकद गेली. डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “व्यायाम झाला नाही तर हळूहळू खुर्चीला खिळतील. पोहणं सगळ्यात उत्तम. पण ऐकतील का?”

 दुसऱ्याच्या आधाराने बाथरूमपर्यंत जाणारी आई त्याला कल्पनेतही सोसवेना.

तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कामगार त्याला सेफ्टीसाहेब म्हणत. कौतुकाने की टिंगलीने, हे त्याने कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. माणसाला स्वतःचं भलं कळत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, यावर त्याचा गाढ विश्वास. आईच्या बाबतीत फक्त गणित उलटं मांडायचं. पोहायला जा म्हटलं असतं तर ती मेली तरी गेली नसती. म्हणून पोहायला मनाई. शिडीबद्दल मात्र चकार शब्द नाही. आई दवाखान्यात असतानाच त्याने ती गुपचूप भंगारात देऊन टाकली होती.

“सरळ विचार ना त्यांना,” बायको म्हणाली, “तुम्हाला काय करावंसं वाटतं म्हणून.”

“आईला? विचारलं की संपलंच. तुला नाही कळायचं. मी मुलगा आहे तिचा.”

“बरं बाबा,” बायको म्हणाली आणि डबा भरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई टॉवेल घेऊन पसार. परतली तेव्हा टॉवेल ओलाचिंब, डोळे लाल, बोटं धुऊन धुऊन सुरकुतलेली.

“कुठे गेली होतीस?” त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“जिथे जाऊ नको म्हणालास तिथे.”

त्याला हसू आवरेना. तोंडाने मात्र त्याने चांगली आदळआपट केली, आणि मग हा शिरस्ताच पडला. अधूनमधून मनाईचा डोस वाढवायचा. आज गारठा आहे, आज तरी नको, असं म्हटलं की बाई रोजच्यापेक्षा लवकर बाहेर. तिचं बघून बायकोनेही सकाळचं चालायला जाणं सुरू केलं. एका दगडात दोघींच्या तब्येती सुधारल्या म्हणून साहेब स्वतःवरच खूश.

“कुणी सांगितलं म्हणून मी काही करत नाही,” आई एकदा जेवताना म्हणाली. “तू गैरसमज करून घेऊ नकोस.”

“छे! माझी काय बिशाद,” तो म्हणाला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबून पाहिली आणि भुवया उंचावल्या. “कमाल आहे. पोहून एवढी घट्ट झाली?”

“रोज जाते. मला न जुमानता,” तो अभिमानाने म्हणाला.

“आजी, काय करता हो तलावावर?”

“जिवाला बरं वाटेल ते,” आई म्हणाली आणि कशालाही न धरता खुर्चीतून उठली.

त्याचे डोळे भरून आले. कारखान्यातल्या शिबिरात त्याने हा किस्सा नाव न घेता सांगितला. माणसाला ढकलू नये, वळवावं, असं एक वाक्यही त्याला ऐन वेळी सुचलं.

सुट्टीच्या सकाळी त्याला राहवेना. आईला पोहताना एकदा लांबून तरी पाहायचं होतं. बायको चालायला गेली होती. घराला कुलूप लावून तो तलावावर पोचला.

“पेंटरबाईंचे चिरंजीव का?” दारावरचा रखवालदार खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. “नाक अगदी तेच.”

“कशी पोहते हो?”

“कोण, बाई? अहो, त्यांनी अजून करंगळीसुद्धा बुडवली नाही! पहिल्या दिवशी आल्या, पाण्याकडे बघितलं, तोंड वाकडं केलं. मग भिंतीकडे बघितलं. सूचना सगळ्या पुसट, निम्मी अक्षरं गायब. म्हणाल्या, ही कुणाची लाज टांगलीय? रंगाचे डबे आणा. तेव्हापासून इथेच मुक्काम. जाताना टॉवेल तेवढा नळाखाली धरतात. घरी पोराला बरं वाटतं म्हणे.”

तो धावतच आत शिरला.

समोरच्या उंच भिंतीवर माणसाएवढी निळी अक्षरं झळकत होती. शेवटच्या अक्षरापाशी, छताला टेकलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर, पदर खोचून आई उभी होती. ओरडावं तर ती दचकेल. न ओरडावं तर त्याचाच जीव जाईल. तो जागच्या जागी थिजला.

“मान वर करू नकोस,” आई वरून म्हणाली. “डोळ्यात रंग जाईल.”

ती त्याच्याशी बोलत नव्हती. खाली, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, त्याची बायको उभी होती.