शेवटचा वादी

"पॅरोल मंजूर झालाय, मिस व्हर्लीन," काचेपलीकडून ऑट्री फोनवर म्हणाला. चेहरा सुतकी होता. "शिक्षा संपायच्या आधीच, मंगळवारी सोडतायत."

काचेच्या या बाजूला व्हर्लीनने फोन कानाशी घट्ट धरला. तिला हे आधीच कळलं होतं. वकीलबाईंनी शुक्रवारी सांगितल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. चार तास गाडी चालवत ती आली होती ती त्याला एकच गोष्ट विचारायला, आणि ती गोष्ट कुणाला विचारण्यासारखी नव्हती.

"अभिनंदन रे," ती म्हणाली.

"कसलं डोंबलाचं अभिनंदन! केसचं काय?"

केस तुरुंगातल्या उकाड्याची होती. टेक्सासच्या उन्हाळ्यात त्या काँक्रीटच्या खोक्यात माणसं भाजून निघत. गेल्या ऑगस्टमध्ये व्हर्लीनचा मुलगा लॅमर कोठडीच्या फरशीवर मेलेला सापडला. कोठड्या थंड करायला लावा म्हणून ती फेडरल कोर्टात गेली, तर कोर्ट म्हणालं, तुमच्या मुलाला आता उकडत नाही. भाषा सभ्य होती, पण अर्थ हाच. मेलेल्या माणसासाठी असा हुकूम निघत नाही. ज्याला आज त्रास होतोय त्याने यावं. मग आतले काही कैदी वादी झाले. एकाची शिक्षा संपली. दोघांना अचानक थंड तुरुंगात हलवलं. तुरुंगवाल्यांना असा दयेचा झटका नेमका तारखेआधीच कसा येतो, देव जाणे. उरला एकटा ऑट्री, लॅमरच्या शेजारच्या कोठडीतला. तोही सुटला की कोर्टापुढे उकडणारं कुणीच राहणार नव्हतं, आणि केस तिथेच संपणार होती. नवा वादी उभा करायचा तर त्याने आधी तुरुंगातच तक्रार करायची, नकार घ्यायचा, मग वर दाद मागायची, पुन्हा नकार घ्यायचा. त्यात आणखी एक उन्हाळा गेला असता.

"मी राहतो," ऑट्री म्हणाला.

"राहतो म्हणजे?"

"सोपं आहे. उद्या जेवणाच्या रांगेत एखाद्या शिपायाला धक्का द्यायचा. पॅरोल रद्द. सुनावणीपर्यंत इथेच मुक्काम. जज्जसाहेब विचारतील, अजून उकडतंय का? मी म्हणेन, साहेब, शिजत आलोय, मीठ तेवढं बघा."

"हळू बोल. हे फोन तुरुंगवाले ऐकतात."

"ऐकू देत की."

तो स्वतःच्याच विनोदाला हसला. हेच मागायला ती आली होती. न मागता त्याने ते पुढे केलं होतं. आता ‘नको’ म्हणायला हवं होतं, आणि तिला वेळ लागला. नको इतका वेळ लागला. ऑट्रीचं हसू हळूहळू मावळलं. तिला काय हवंय ते त्याला कळलं होतं. व्हर्लीनला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तुझी पोरगी केवढी झाली?" तिने विचारलं.

"आठ वर्षांची. मला फोटोवरून ओळखते."

"आणि घरी?"

"आई आहे. सोमवारपासूनच मांस धुरीला लावून ठेवणार म्हणते. अख्खा मोहल्ला जेवायला बोलावलाय बाईने."

"मग गुपचूप घरी जा. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"पण लॅमर..."

"लॅमरला आता उकडत नाही," व्हर्लीन म्हणाली. "कोर्टानेच सांगितलंय."

ऑट्रीने फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. काचेमुळे आवाज येत नव्हता. केस संपली होती. वकीलबाईंना उद्या फोन करायचा, एवढंच काम उरलं होतं.

मग त्याने फोन उचलला. "निघा तुम्ही. लांब जायचंय."

व्हर्लीन उठली नाही. भेटीची खोली थंड होती. बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी तिथे गार हवेचं यंत्र लावलेलं होतं. ऑट्री आला तेव्हा घामाने अंगाला चिकटलेला त्याचा सदरा आता सुटा झाला होता. दर रविवारी त्यांचं बोलणं अर्ध्या तासात संपे. मग हवामान, फुटबॉल, तिच्या शेजारणीचं कुत्रं, असलं काहीबाही काढून ते भेटीचे दोन तास भरेपर्यंत बसून राहत. का, ते दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तुझ्या कोठड्यांच्या ओळीत असा कोण आहे, ज्याला भेटायला कुणीच येत नाही?"

ऑट्रीने डोळे पुसले. "म्हातारा प्रुइट. दम्याचा पेशंट आहे. पण तो वादी व्हायचा नाही, मिस व्हर्लीन. कोर्टाचं नाव काढलं की थरथरतो."

"वादी हो असं कोण म्हणतंय? त्याला सांग, भेटायला येणाऱ्यांत माझं नाव दे. दर रविवारी येईन."

"अहो, तो कुणाशी बोलतसुद्धा नाही."

"नको बोलू दे," ती म्हणाली. "दोन तास गार तर बसेल."