पाडलेल्या कोठीची सावली

१९५३ च्या वैशाखात बराकपूरची ती गंगेकाठची तिमजली कोठी पाडली. दीडशे वर्षांनंतरही तिच्या भिंती भक्कम होत्या. पण नव्या वसाहतीला जागा हवी होती, म्हणून इंजिनिअर चारुदत्त सबनीसांनी 'धोकादायक' असा शेरा मारून सही केली होती.

पंधरवड्यानं, दुपारी चारच्या सुमारास ते पत्नीला मोकळी झालेली जागा दाखवायला घेऊन गेले. तिथं एक वीटही उरली नव्हती.

सावली मात्र होती. खांबांसकट, गच्चीच्या कठड्यासकट अख्ख्या कोठीची सावली जमिनीवर पडली होती.

सबनीस थिजले. उन्हानं कासावीस झालेल्या सरोजबाई मात्र सरळ सावलीत शिरल्या.

"अगबाई, किती गार आहे इथं! या ना."

"सरोज, आधी बाहेर ये!"

त्या आणखी दोन पावलं आत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. जिना चढताना व्हावी तशी त्यांच्या वहाणांची चटचट तेवढी ऐकू येत राहिली.

"अहो, इथून गंगा किती सुरेख दिसते!"

आवाज वरून आला. सबनीसांनी मान वर केली. नुसतं रिकामं आभाळ.

खाली जमिनीवर, कठड्याच्या सावलीवर एका बाईची सावली रेलून उभी होती. तिच्यामागून दुसरं कुणीतरी सावकाश पुढे येत होतं.