आजाऱ्याच्या पलंगावरचा पक्षी

पादुआच्या विद्यापीठात दिवंगत ब्रेसान सरांचा संग्रह लावायचं काम माझ्याकडे आणि नीवेसकडे होतं. मध्ययुगातल्या वैद्यकाच्या हस्तलिखितांमधली चित्रं, त्यांचे फोटो, आणि फोटोंच्या मागे सरांच्या पेन्सिलीतल्या नोंदी. आमची पद्धत जुनीच होती. एकीनं यादी वाचायची, दुसरीनं फोटो बघून खूण करायची.

"आजाऱ्याच्या पलंगावर पांढरा पक्षी," मी वाचलं. "तोंड आजाऱ्याकडे."

"चुकलीस. पाठ फिरवलीय त्यानं."

हा पक्षी ज्याच्याकडे बघतो तो आजारी वाचतो, तोंड फिरवलं तर वाचत नाही, असं तेव्हाचे लोक मानत. म्हणून तर ते तोंड मी दोनदा बघून लिहिलं होतं. उठून पाहिलं. पक्षी आजाऱ्याकडेच बघत होता.

"चष्मा बदल, नीवेस."

"तूच बदल. मला नुसतं शेपूट दिसतंय." ती हसली, आणि पद्धतीप्रमाणे फोटो उलटून मागची नोंद वाचू लागली. "'आज मला पाठ दिसते. लुचियाला मात्र तोंड दिसतं. सात मार्च.'"

लुचिया म्हणजे सरांची मदतनीस.

नीवेसनं फोटो पुन्हा सुलटा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"सर कधी गेले गं?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

खोक्यावरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात सर गेल्याची तारीख होती: अकरा मार्च, त्या नोंदीनंतर चारच दिवसांनी. नीवेसचं कोपर नेमकं त्यावर टेकलं होतं.