हिरवा ठिपका

निवृत्त घड्याळजींची वेबसाइट सासरेबुवांनी अकरा वर्षं एकट्यानं सांभाळली होती. तिचं रूप पालटायचं सुनेनं मनावर घेतलं आणि तिची नजर एका पानावर अडकली. तिथे सगळे म्हातारे रोज सकाळी सातच्या ठोक्याला एकच शब्द लिहायचे, 'हजर'.

"बाबा, ही काय शाळा आहे? आता साइट नुसती उघडलीत तरी नावापुढे हिरवा ठिपका लागतो. लिहायची गरजच नाही."

सासरे सुनेवर बेहद्द खूश! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'हजर' लिहिणं सोडलं. बाकीच्यांना मात्र चष्मा लावूनही तो ठिपका दिसेना, ते आपले लिहीत राहिले. त्यात नव्या साइटनं फोनवर दिवसभर असं काही टिंगटिंग लावलं, की वैतागून सासऱ्यांनी फोनचा आवाजच बंद करून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सासऱ्यांनी दार उघडलं, मागोमाग सूनही आली. बाहेर साइटवरचे चार म्हातारे चेहरे पाडून उभे होते आणि पुढच्याच्या हातात भलामोठा हार होता.

"अरे, तुम्ही? आणि हार कशाला?"

चौघं दचकून दोन पावलं मागे सरकले. मागून एक जण पुटपुटला, "हा तर हजर आहे!"

 

पुढच्यानं तो हार घाईघाईनं सुनेच्या हातात कोंबला. "नव्या साइटबद्दल अभिनंदन, सूनबाई!"