न समजणारा प्रश्न

नेटवर्कच्या नव्या नियमांत जुने फोन चालतील का, हे वैदेही सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तपासत होती. न समजणारा संदेश आला, तर जुन्या फोनने गप्प राहायचे. तेवढे झाले की फोन पास.

आजचा फोन समोर बसलेल्या तानाबाईंच्या नवऱ्याचा होता. तो मेंढरांमागे गेला तो परतलाच नाही; माळावर नुसता फोन सापडला.

“बंद पाडू नगा, बाई. मालकाचा येवढाच माग ऱ्हायलाय.”

“नाही पाडत, मावशी.”

वैदेहीने नव्या नियमांतला संदेश सोडला: कुठे आहेस?

तिच्या संगणकावर उत्तर आले.

सांगोला.

तिने फोनची बॅटरी काढली. पुन्हा विचारले.

मंगळवेढा.

“मावशी, फोन तर इथंच आहे!”

“फोन हाय की. तुमी इचारलं कुणाला?”

वैदेहीने विचारणे थांबवले. उत्तरे थांबली नाहीत.

सोलापूर.

तिसरा मजला.

तानाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

“दार उघडा की, बाई.”